एका ठिपक्याच्या नादी

गेले काही आठवडे मी भेटेल त्याला एकाच प्राण्याबद्दल सांगत सुटलोय. मावसभावाच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, शेजारी बसलेल्या एका अनोळखी काकांना मी जिलबी वाढून होईपर्यंत क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्सचं अख्खं चरित्र ऐकवलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हा करतात कसा? रस्सा की फ्राय?" काका, हा कुणी खात नाही. हाच खातो! माशाला. जिवंतपणी, कातडीत शिरून, आतल्या आत गरागरा फिरत!

आणि ते फिरणं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला चारशे लिटरचा समुद्र आहे. समुद्र म्हणजे आरओचं पाणी, त्यात पिशवीतलं मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास, आणि मुंबईच्या उकाड्यात ते पाणी २६ अंशांवर ठेवणारा, विजेचं बिल वाढवणारा चिलर. दगड भट्टीतून निघालेले सिरॅमिकचे. कठीण प्रवाळ नाहीत, कारण आपल्याकडे ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, आणि ते बरंच आहे. मऊ मंडळी मात्र भरपूर: झोअँथिड, मशरूम, एक लेदर कोरल. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, गोगलगायी. आणि कोले टँग. तपकिरी अंगावर फिकट निळसर रेघा, डोळ्याभोवती पिवळं कडं, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा. सर्जनफिशच्या घराण्यातला. सगळ्या टँकवाल्यांना ठाऊक असतं की व्हाइट स्पॉट, म्हणजे याच क्रिप्टोकॅरिऑनचा आजार, आला की पहिला बळी टँगचा.

आला. आधी कल्ल्याजवळ दोन-तीन टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग परांवर, मग सगळ्या अंगावर. मासा दगडाला अंग घासायला लागला, कल्ले भराभर हलायला लागले. आम्ही हवालदिल. आणि मग एका सकाळी दिवे लागले तर अंग लख्ख! एक ठिपका नाही. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या बाईंना आनंदानं फोन केला. बाई म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या बाई, आता निवृत्त. माझा एकूण एक मासा त्यांना नावानिशी माहीत आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, गेले नाहीत ते. उतरलेत."

उतरलेत! हा एक शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यातलं माशांच्या आजाराचं सगळं चित्रच पालटलं. ठिपके दिसेनासे होणं हे बरं होण्याचं लक्षणच नव्हतं. तो त्या जिवाच्या आयुष्यातला एक टप्पा होता, ठरल्याप्रमाणे, वेळेवर आलेला. आठवडाभरात ठिपके परत आले, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. क्लाउनफिशवरही. तेव्हा बाई सूक्ष्मदर्शक घेऊन स्वतःच आमच्याकडे आल्या. आईनं पोहे टाकले, पण ते निवून गेले तरी कुणी हात लावला नाही.

टँगला रोवळीनं अलगद उचलून उथळ टबात घेतलं. बाईंनी हातात ओले मोजे चढवले, कव्हर स्लिपची कड माशाच्या कुशीवरून डोक्याकडून शेपटीकडे एकदाच, अगदी हलक्या हातानं फिरवली. काही सेकंदांचं काम. कडेला चिकट, करडा बुळबुळीत लेप आला. तो काचपट्टीवर, वर टँकमधल्याच पाण्याचा एक थेंब, आणि पट्टी भिंगाखाली. मासा परत पाण्यात.

आधी दिसला नुसता पसारा. खवल्यांचे पारदर्शक तुकडे, रंगाचे काळे कण, माशाच्या पेशी. बाई पट्टी सरकवत होत्या, मी त्यांच्या खांद्यावरून वाकून विचारत होतो, "दिसलं का, दिसलं का?" त्या एकदम थांबल्या, बाजूला झाल्या, म्हणाल्या, "बघ."

गोल. गच्च भरलेला, इतका की उजेड पलीकडून येत नव्हता. आणि फिरतोय! संथ, स्वतःभोवती, एका दिशेनं, मग थबकला, मग उलटा फिरला. कडेला सतत काहीतरी लवलवत होतं. अंगभर बारीक केसांची झालर असते, तिच्याच जोरावर तो कातडीखाली वळवळत पेशी कुरतडत राहतो. बाईंनी खालचा पडदा थोडा मिटून उजेड कमी केला तेव्हा क्षणभर आत चार मणी एकाला एक लागून असल्यासारखं काहीतरी दिसलं. "ते केंद्रक," बाई म्हणाल्या. एकच पेशी आहे हो ही! एकाच पेशीत तोंड, केस, चार मण्यांचं केंद्रक आणि एवढी अक्कल. मोठा झाला की अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणून तर नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसतो.

त्या फिरण्यामुळे माझा जीव भांड्यात पडला, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण समुद्री माशांना दुसरा एक परजीवी होतो, अमायलोओडिनियम. टँकवाले त्याला व्हेल्वेट म्हणतात. तोही ठिपके आणतो, जास्त बारीक, आणि मासे बघता बघता संपवतो. तो माशाला चिकटून स्थिर बसतो. फिरत नाही. म्हणजे भिंगाखालची ती गिरकी हेच ओळखपत्र! ठिपका फिरला, तर तुमच्या हातात थोडा वेळ आहे.

मग मी वाचत सुटलो. रात्री दोनपर्यंत. हा जीव जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली नोंदवला होता. आजचं नाव दिलं ब्राऊन यांनी, १९५१मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयातल्या माशांवरून. म्हणजे या आजाराची ओळखच काचेच्या टाक्यांपाशी पटली. (त्याच १९५१ साली मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. लहानपणी आम्ही तिथे काचेला नाक लावून उभे असायचो. काचेपलीकडे हाही असेल का, हा विचार आता पिच्छा सोडत नाही.) आणि सगळ्यात भन्नाट गोष्ट: गोड्या पाण्यातल्या माशांना जो व्हाइट स्पॉट होतो, इक्थिओफ्थिरियस, तोही असाच गोल, तोही कातडीत शिरून फिरतो, तोही खाली उतरून कोश करतो आणि शेकड्यांनी फुटतो. दोघं सख्खे भाऊ असावेत असंच बरीच वर्षं मानलं गेलं. पुढे जनुकं तपासली तर दोघांचं घराणंच वेगळं निघालं! एकानं नदीत आणि दुसऱ्यानं समुद्रात, एकमेकांना न विचारता, एकच धंदा शोधून काढला.

आता त्याचं वेळापत्रक ऐका, कारण खरी मेख तिथे आहे.

माशावर तो तीन ते सात दिवस राहतो. पोट भरलं की उतरतो, आणि तेही बहुतेक अंधारात. मग काही तास, दोन ते अठरा, तळाशी सरपटत जागा शोधतो. दगड, वाळू, काच, गोगलगायीचं कवच, काहीही चालतं. तिथे चिकटतो, भोवती टणक कोश करतो आणि आत विभागत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार. एका कोशातून दोनशेपर्यंत पिल्लं निघू शकतात. कमीत कमी तीन दिवस लागतात, साधारणपणे अठ्ठावीसपर्यंत, आणि कोशानं ७२ दिवस तग धरल्याचीही नोंद आहे. मग कोश फुटतो, पुन्हा अंधारातच, आणि ही पोहणारी पिल्लं मासा शोधायला निघतात. त्यांच्याकडे जेमतेम एक-दोन दिवस असतात. खरं तर पहिल्या सहा-आठ तासांनंतरच त्यांची चिकटण्याची ताकद घसरायला लागते. शेवटची कर्जत लोकल चुकलेल्या माणसाला निदान फलाटावर झोपता तरी येतं. यांना मासा चुकला की मरण.

अंधारच का? हे समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. रात्री मासे झोपतात! आमचा टँग दिवे गेले की डावीकडच्या दगडाखालच्या कपारीत शिरतो, रोज त्याच. म्हणजे परजीवी उतरतो तो थेट त्याच्या शेजघरात, तिथेच कोश करतो, आणि पिल्लं बाहेर पडतात तेव्हा मासा वीतभर अंतरावर निपचित पडलेला. खुल्या समुद्रात पाणी एवढं अफाट की दोनशेतली बहुतेक हरवून जातात, एखाद-दुसऱ्याची गाठ पडते, आणि मासा चार ठिपके घेऊन सुखानं जगतो. चारशे लिटरच्या खोक्यात हरवायला जागाच कुठे आहे? रोग वाढतो तो आपल्या काचेमुळे. परजीवी बिचारा नेहमीचंच काम करत असतो.

उपायांबद्दल दुकानात विचारलं तर बाटल्याच बाटल्या. कुणी लसूण सांगितला, कुणी "रीफसेफ" म्हणून काही दिलं. लसणानं मासे चवीनं खातात एवढं खरं. खात्रीचं औषध तांबं आहे, पाण्यात विरघळलेलं, मोजून मापून. ते पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. पण तेच तांबं गोगलगायी, झिंगे, प्रवाळ, सगळ्यांना मारतं, आणि दगडांत मुरून बसतं. म्हणून रीफ टँकमध्ये तांब्याचा थेंबही टाकायचा नाही, वेगळ्या टाकीतच.

दुसरा उपाय इस्रायलमधल्या ऐलातचा, लाल समुद्राकाठचा. तिथे अँजेलो कोलोर्नी यांनी १९८५मध्ये शेतीतल्या सी ब्रीम माशांसाठी पाण्याचा खारेपणाच खाली आणून पाहिला. समुद्री माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतं. मासा सतत समुद्र पीत असतो आणि मीठ बाहेर टाकत असतो. पाणी निम्म्याहून कमी खारट केलं तर त्याला उलट आरामच मिळतो, परजीवीच्या कोशाला मात्र ते झेपत नाही. इतकी सुंदर युक्ती! पण प्रवाळांनाही ते झेपत नाही, म्हणून तीही वेगळ्या टाकीतच. खारेपणा आठवडेच्या आठवडे रेसभरही न हलवता ठेवायचा म्हणजे पहारा देणं आलं.

आणि तिसरा! ज्याच्यासाठी मी पंगतीत लोकांना जिलबी गोड लागू दिली नाही तो. यात औषधच नाही. थेंबभरसुद्धा नाही. दोन टब, एवढंच.

मासा पहिल्या टबात ठेवायचा. तीन दिवसांत त्याच्या अंगावरचे काही उतरतील, तळाशी कोश करतील. कोश फुटायला कमीत कमी तीन दिवस. म्हणून ७२ तास भरायच्या आत मासा दुसऱ्या, कोऱ्या टबात हलवायचा. पहिल्या टबातले कोश तिथेच राहिले! तो टब रिकामा करायचा, धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा. कोरडं पडलं की कोश मेला. तीन दिवसांनी मासा परत वाळलेल्या टबात. असे चार पालट, म्हणजे बारा दिवस. माशावर जास्तीत जास्त सात दिवस राहणारा परजीवी तोवर उतरून गेलेला असतो, आणि दर वेळी त्याची पिल्लं उठायच्या आधी मासा पुढच्या गावाला पोचलेला असतो. वेळापत्रकावरच जगणाऱ्या प्राण्याला वेळापत्रकानंच हरवायचं. मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो.

प्रत्यक्षात हे काम म्हणजे पाटीलकी नाही, हमाली आहे. नव्या टबातलं पाणी खारेपणाला आणि तापमानाला तंतोतंत जुळवून आदल्या रात्रीच तयार ठेवायचं. गाळण नसल्यामुळे अमोनिया चढतो, म्हणून रोज टेस्ट किट, खाऊ बेतानं. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे दोन एल्बो, कारण दगड ठेवला तर तो कोशांना आयता बंगला. हवेचा पंप, त्याची नळी, हीटर, एल्बो, सगळं दर पालटाला वेगळं, आधीचं वाळत. माशाबरोबर जुनं पाणी शक्य तितकं कमी न्यायचं. मी त्यासाठी रोवळी वापरली. जाळीत टँगचा काटा अडकतो, आणि रोवळीतून पाणी झर्रकन निथळतं. आईनं ती रोवळी स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार केली आणि वर मला ऐकवलं, "माशाचं बाळंतपण कर, मी भात ताटलीतच धुते." पण गच्चीवर वाळत घातलेल्या टबावर कावळे बसू नयेत म्हणून तिथे खुर्ची टाकून बसायची तीच. वैशाखाचं ऊन होतं, टब तासाभरात तापून कोरडा ठक्क व्हायचा.

तिकडे मोठा टँक बिनमाशांचा. मासे बरे झाले तरी तो तसाच ठेवायचा असतो, टँकवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे ७६ दिवस, म्हणजे तग धरून बसलेला शेवटचा कोशही फुटेल, पिल्लं मासा शोधतील, आणि सापडणार नाही. श्रिंप, गोगलगायी, प्रवाळ आत राहू शकतात, त्यांना हा रोग होत नाही. फक्त नवं ओलं काहीही बाहेरून आत जाऊ द्यायचं नाही. मला वाटलं होतं आता अडीच महिने रिकामा हॉल बघत बसायचं.

कसला रिकामा! मासे गेल्यावर जे काही बाहेर आलं ते बघून मी ऑफिसला उशिरा जायला लागलो. आठवड्याभरात काचेवर पांढरे ठिपके पळायला लागले. (ठिपका दिसला की काळजात धस्स व्हायचं, पण हे कोपेपॉड. झिंग्यांचे चिमुकले भाऊबंद, माशांचा आवडता खाऊ, म्हणून एरवी दिवसा तोंड न दाखवणारे.) मग भरदुपारी ॲम्फिपॉड दगडावरून उड्या मारायला लागले. रात्री लाल कागद लावलेली टॉर्च घेऊन बसलो, कारण लाल उजेडाला ही मंडळी फारशी बुजत नाहीत. दगडाच्या फटीतून ठिसूळताऱ्यांचे हात बाहेर, एकेक हात लवलवत पाण्यातला कण टिपतोय. वाळूत एक स्पॅगेटी वर्म निघाला. त्याचं अंग कुठेतरी दगडाखाली, बाहेर फक्त दोऱ्यासारखे पारदर्शक धागे, हातभर लांब, चहूकडे पसरलेले. मी एका धाग्याशी खाऊचा कण सोडला. धाग्याला एक पन्हळ पडली आणि तो कण त्या पन्हळीतून, जिवंत असल्यासारखा, हळूहळू, दगडाकडे सरकत गेला! पुरा आत जाईपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो. हे सगळे प्रवाळांच्या बुडख्यांना चिकटून कधीतरी आलेले. कित्येक महिने माझ्याच हॉलमध्ये राहत होते. मला पत्ता नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, मासे नकोतच आता." दोन दिवस मीही डळमळलो.

अजून एक गंमत वाचनात आली. बर्जेस आणि मॅथ्यूज या दोन संशोधकांनी १९९४मध्ये हा परजीवी प्रयोगशाळेत बोईसारख्या माशांवर पिढ्यानपिढ्या वाढवून पाहिला, तर ३४ फेऱ्यांच्या आसपास त्याचा वंश म्हातारा झाला, पुढे चालेना. बाहेरचं नवं रक्त नसेल तर अख्खी टोळी थकते. आणि जो मासा एकदा वाचतो त्याला काही महिने तरी थोडीफार प्रतिकारशक्ती येते. म्हणूनच काही टँकांत "होता, आपोआप गेला" अशा कथा ऐकू येतात. त्यांच्यावर विसंबून राहू नये. माझा विश्वास टबावर.

टँग आता परत मोठ्या टँकमध्ये आहे. आल्याआल्या त्यानं काचेवरचे कोपेपॉड आणि शेवाळ दोन्हीचा फडशा पाडायला घेतला, ब्रशसारखे दात काचेवर टकटक वाजवत. मुलीला त्याचा राग आला आहे. बाईंनी मात्र मला नवं खाद्य पुरवलं आहे, आणि मी आत्ता जो झपाटलोय तो त्यानं.

ॲक्रोपोरा नावाच्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर एक चपटा किडा राहतो. प्रवाळाचं मांस खातो आणि त्यातली रंगद्रव्यं स्वतःच्या अंगात साठवून तंतोतंत त्याच रंगाचा होतो. समोर असून दिसत नाही, फक्त त्यानं खाल्लेल्या जागी गोल फिकट डाग राहतात. टँकवाले लोक वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजत होते. शास्त्रज्ञांनी त्याचं रीतसर वर्णन २०११मध्ये केलं, तेही टाक्यांमधले नमुने घेऊन! समुद्रात तो तोवर कुणाला सापडलेलाच नव्हता. २०१२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लिझर्ड बेटापाशी, तो पहिल्यांदा मोकळ्या समुद्रात दिसला. म्हणजे ज्या प्राण्याशी लोक आपापल्या बैठकीच्या खोलीत लढत होते, त्याचं घर कुठे आहे हे जगाला नंतर कळलं!

मला तो बघायचाच आहे. ॲक्रोपोरा माझ्याकडे नाही आणि ठेवताही येणार नाही. म्हणून माझा भाचा ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला शिकतो त्याला मी लांबलचक निरोप पाठवला. तिथल्या जेम्स कुक विद्यापीठात या किड्यावर काम झालंय, सिक्सलाइन रास नावाचा मासा तो कसा वेचून खातो हे त्यांनी तपासलंय, तर जरा प्रयोगशाळेत डोकाव, कुणाला तरी भेट, व्हिडिओ काढ, जमलं तर भिंगाखाली. सोबत आमच्या फिरणाऱ्या ठिपक्याचा व्हिडिओही जोडला.

रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं: "मामा, मी अकाउंटन्सी शिकतोय. पण हा गोल फिरणारा काय आहे?"

मी लगेच फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते.